लगशचे कर्ज आणि लगशची कर्जमुक्ती

चक्रवाढ व्याजाचे सूत्र वर्गात शिकविताना बहुतेक विद्यार्थ्यांची अशी समजूत आढळते की, ही युक्ती पेढ्या आणि बँका यांच्याबरोबरच जन्माला आली असली पाहिजे. वस्तुस्थिती निराळी आहे. चक्रवाढ व्याजाचा सर्वांत जुना म्हणून जो उल्लेख विद्वान दाखवितात, तो कोणत्याही सावकाराच्या वहीत नाही. तो एका राजाने लिहवून घेतलेल्या सीमातंट्याच्या हकिगतीत आहे. इ. स. पूर्व २४०० च्या सुमारास सुमेरमधील लगश या नगरराज्याचा अधिपती एन्मेतेना याने ती हकिगत मातीच्या शंकूवर कोरवून घेतली. तो शंकू आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. जुन्या पुस्तकांत या राजाचे नाव एन्तेमेना असे छापलेले आढळेल. याच राजाच्या दुसऱ्या एका लेखात त्याने आपल्या प्रजेची धान्याची देणी आणि त्यांवरील व्याज रद्द केल्याचे अभिमानाने नमूद केले आहे. इतिहासाला ज्ञात असलेले पहिले चक्रवाढ व्याज आणि पहिली कर्जमाफी या दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या खात्यावर जमा व्हाव्यात, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नव्हे.

लगश हे राज्य आजच्या दक्षिण इराकमध्ये, तैग्रिस आणि युफ्रेटिस या नद्यांच्या सखल प्रदेशात होते. राज्याचे नाव लगश असले तरी त्यात तीन मोठी नगरे होती: निनगिरसू या युद्धदेवतेचे गिरसू, राज्याला नाव देणारे लगश आणि नन्शे देवीचे निना. गिरसूच्या टेकाडाला आज तेल्लो म्हणतात. बसरा येथील फ्रेंच उपवाणिज्यदूत अर्नेस्ट द सार्झेक याने १८७७ साली तेथे उत्खनन सुरू केले, तोपर्यंत सुमेर नावाची संस्कृती होऊन गेली की नाही, याविषयीच विद्वानांत वाद चालू होता. तेल्लोच्या मातीने तो वाद मिटविला. मूर्ती, शिलापट आणि हजारो मृत्तिकालेख बाहेर आले. त्यांतील बहुसंख्य लेख म्हणजे हिशेब आहेत. किती जव आले, किती वाटले, कोणाकडे किती मेंढ्या, कोणत्या शेताला किती बियाणे, असा तो रोजचा जमाखर्च आहे. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला या राज्याविषयी आपुलकी वाटावी, याचे कारण हेच आहे.

राजवंशाचा संस्थापक उर-नन्शे इ. स. पूर्व २५०० च्या सुमारास होऊन गेला. लूव्रमधील एका शिलापटात तो आपल्या मुलाबाळांसमवेत दिसतो. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही, मातीची पाटी आहे. देवळाच्या पायाभरणीची माती राजाने स्वतः वाहावी, ही तेथील रीत होती. त्याच्या लेखांत दिलमूनच्या, म्हणजे बहरीनच्या बाजूच्या, नौकांनी लाकूड आणल्याचा उल्लेख आहे. सुमेरच्या अर्थव्यवस्थेचे मर्म या दोन गोष्टींत आले. त्या भूमीत इमारती लाकूड नव्हते, दगड दुर्मिळ होता, धातू नव्हता. होते ते गाळ, पाणी, जव, लोकर आणि मासे. पाऊस शेतीला पुरेसा नव्हता. कालवा असेल तेथेच पीक येई. सारांश, तेथे संपत्ती म्हणजे जमीन नव्हे, पाणी मिळणारी जमीन होय. आणि राज्य म्हणजे कालवे काढणारी, राखणारी व त्यांवर हक्क सांगणारी संस्था होय.

पाण्याच्या हक्कातूनच शेजारच्या उम्माशी तंटा उभा राहिला. उम्मा प्रवाहाच्या वरच्या अंगाला होते, लगश खालच्या अंगाला. दोहोंच्या मध्ये गुएदेना नावाचा सुपीक पट्टा होता. लगशच्या म्हणण्याप्रमाणे, किश नगरीचा राजा मेसिलिम याने फार पूर्वी मोजणी करून सीमेवर शिला उभी केली होती. एका बाहेरच्या, दोन्ही पक्षांना मान्य असणाऱ्या सत्ताधीशाने दिलेला तो निवाडा होता. पुढे उम्माचा राजा उश याने ती शिला उपटली आणि लगशच्या रानात प्रवेश केला. लेखात हा तंटा राजांचा म्हणून येत नाही, देवांचा म्हणून येतो. जमीन निनगिरसूची, आक्रमण शारा या उम्माच्या देवाच्या लोकांनी केलेले, आणि मूळ सीमा सर्व देवांचा पिता एन्लिल याने आखलेली. वाद एकदा देवांच्या नावाने मांडला, की तडजोडीला जागा उरत नाही, हे सांगण्यास इतिहासाच्या फार मोठ्या व्यासंगाची गरज नाही.

उर-नन्शेचा नातू एअन्नातुम याने इ. स. पूर्व २४५० च्या सुमारास उम्माचा पराभव केला. त्या विजयाचे स्मारक ‘गिधाडांची शिला’ या नावाने प्रसिद्ध आहे. तिचे तुकडेच हाती लागले आहेत. परंतु ढालीला ढाल लावून चालणारे सैनिक, शत्रूची मुंडकी चोचीत घेऊन उडणारी गिधाडे आणि जाळ्यात सापडलेल्या शत्रूंवर गदा उगारणारा देव त्यांवर स्पष्ट दिसतात. युद्धानंतर उम्माचा राजा एनाकल्ले याच्याशी करार झाला. सीमेवर कालवा काढला गेला, मेसिलिमची शिला पुन्हा उभारण्यात आली, उम्माच्या राजाकडून देवांच्या नावाने शपथा घेण्यात आल्या. कराराचे आर्थिक कलम मात्र लढाईच्या चित्रांपेक्षा अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. लगशच्या देवांचे जव उम्माने वापरावेत, पण ते व्याजी कर्ज म्हणून वापरावेत, असे ठरले. वादग्रस्त पट्ट्यातील पिकाचा उपभोग हाच कर्जाचा आधार असावा, असा या कलमाचा अर्थ लावला जातो. खंडणी मागितली असती तर ती दरसालची एक रक्कम झाली असती. कर्जाचे तसे नसते. ते थकले तरी वाढत राहते.

ते किती वाढते, हे आकड्यांनीच पाहावे. सुमेरच्या नंतरच्या काळातील दस्तऐवजांत धान्याच्या कर्जावरील रूढ व्याज एक तृतीयांश, म्हणजे दरसाल शेकडा ३३⅓, असे आढळते. चांदीवर ते शेकडा २० असे. एन्मेतेनाच्या शंकूत दर दिलेला नाही. तरी हाच रूढ दर धरून हिशेब करून पाहण्यास हरकत नसावी. एक माप जव सरळ व्याजाने चाळीस वर्षे ठेवले, तर त्याची सुमारे चौदा मापे होतील. चक्रवाढीने ठेवले, तर दहा वर्षांनी जवळजवळ १८, वीस वर्षांनी ३१५, तीस वर्षांनी ५,६०० आणि चाळीस वर्षांनी ९९,००० पेक्षा अधिक मापे होतील. एअन्नातुमच्या करारापासून एन्मेतेनाच्या राजवटीपर्यंत साधारण एवढाच काळ गेला असावा. शंकूवर थकबाकीचा जो आकडा आहे, त्याच्या वाचनाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण कोणतेही वाचन स्वीकारले तरी ती रास उम्माच्या सर्व शेतांतून कित्येक पिढ्यांतही निघण्यासारखी नव्हती. सरळ व्याजाने तेवढी वाढ होणे शक्य नाही, म्हणूनच हा चक्रवाढीचा पहिला पुरावा मानला जातो.

आता प्रश्न असा की, फेडता येणार नाही हे उघड असताना असे कर्ज वहीत ठेवावयाचे कशासाठी? लगशचे कारकून हिशेबात कच्चे नव्हते. त्यांच्या पाट्या ते सिद्ध करतात. उत्तर शंकूतील पुढच्या हकिगतीत सापडते. उम्माला जव देता आले नाहीत. त्यानंतर तेथील राजा उर-लुम्मा याने सीमेच्या कालव्यांचे पाणी वळविले, शिला जाळल्या आणि परकी लोकांची मदत घेऊन तो कालवा ओलांडून आला. त्याचा पराभव झाला; कालव्याच्या काठावर गाढवांच्या साठ जोड्या टाकून तो पळाला, आणि त्याच्याच नगरीत मारला गेला. त्याच्या जागी इल नावाचा देवस्थानचा कारभारी उम्माच्या गादीवर बसला. त्याने त्या प्रचंड थकबाकीपोटी फक्त ३,६०० मापे जव दिले आणि सीमेचा कालवा आपला असल्याचे सांगितले. लगशच्या दृष्टीने हा उद्धटपणा होता. उम्माच्या दृष्टीने कदाचित ती शक्य तेवढी फेड असेल. उम्माच्या बाजूचे लेखन फारच थोडे उरले आहे. इलचा पुत्र गिशाकिदू याचा एक लेख सापडला, तर त्यात सीमा उम्माच्या मताप्रमाणे सांगितलेली दिसते. न फिटणाऱ्या कर्जाचा उपयोग वसुलीसाठी नसतो. ऋणको कायमचा अपराधी ठरावा आणि धनकोला पाहिजे तेव्हा शस्त्र उचलण्याचा अधिकार मिळावा, हा त्याचा खरा उपयोग. शंकूवरील आकड्याकडे जमेची बाजू म्हणून न पाहता युद्धाचा परवाना म्हणून पाहिले, की सारे कोडे उलगडते.

हाच एन्मेतेना आपल्या राज्यात मात्र वेगळ्या रीतीने वागतो. त्याच्या लेखात ‘अमर्गी’ असा एक शब्द येतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘आईकडे परतणे’. आईकडे लेकरू परत आले आणि लेकराकडे आई परत आली, अशा आशयाने त्याने कर्जमुक्तीची द्वाही फिरविली आहे. या शब्दाचा अर्थ समजण्यास कोशाची जरूर नाही. कर्जापायी माणसे धनकोच्या घरी राबावयास जात, घरे फुटत. आणि राजाज्ञेने देणे रद्द झाले की ती माणसे घरी येत. ज्या भाषेत स्वातंत्र्याची कल्पना इतक्या लवकर शब्दबद्ध झाली, तीत तिचा अर्थ कर्जातून सुटका असा व्हावा, ही गोष्ट राज्यशास्त्राच्या अध्यापकांनीही ध्यानात घ्यावी अशी आहे.

यात राजाची दयाबुद्धी नव्हती असे म्हणण्याचे कारण नाही. पण तीत राज्याची गरजही होती. कालवे उपसावयाला आणि ढाल धरावयाला मोकळी माणसे लागतात. जो शेतकरी खाजगी धनकोचा बांधील झाला, तो राज्याच्या कामाला मुकला. आपल्या परंपरेने या दुखण्यावर दामदुपटीचा उपाय काढला होता: एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. मुंबई इलाख्यात ब्रिटिश न्यायालयांनीही तो नियम मान्य केला. दामदुपट वाढीला आधीच बांध घालते. सुमेरमध्ये असा बांध नव्हता, म्हणून पूर आल्यावर राजाला दार उघडावे लागे. दोहोंत फरक मोठा आहे. नियम ऋणकोच्या हाती हक्क देतो. द्वाही त्याच्या पदरी उपकार घालते. जो माफी देऊ शकतो तो ती नाकारूही शकतो, आणि उम्माच्या वाट्याला तो नकार आला.

एन्मेतेनाच्या कारकिर्दीची आणखी एक बाजू आहे. वरच्या अंगाला बसलेले उम्मा पाणी तोडते, म्हणून लगशने तैग्रिसमधून आपले स्वतंत्र पाणी आणले. राजनीती म्हणून हा मार्ग शहाणपणाचा होता. परंतु थॉर्किल्ड जेकबसन आणि रॉबर्ट ॲडम्स या संशोधकांनी १९५८ साली असे मत मांडले की, या मुबलक पाण्यानेच पुढे भूमिगत पाण्याची पातळी चढली आणि जमिनीत क्षार साचले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे गिरसूच्या परिसरात इ. स. पूर्व २४०० च्या सुमारास हेक्टरी सुमारे २,५०० लिटर असलेले धान्याचे उत्पन्न तीन शतकांत सुमारे १,४६० लिटरांवर आले, आणि क्षार न सोसणारा गहू मागे पडून जव तेवढे उरले. या निष्कर्षावर पुढे आक्षेप घेतले गेले आहेत, हेही सांगितले पाहिजे. तथापि, ज्या शेतांसाठी दीडशे वर्षे रक्त सांडले, त्यांच्या निचऱ्याचा विचार सीमालेखांत कोठेही येत नाही, ही गोष्ट आक्षेपकांनाही मान्य व्हावी.

एन्मेतेनाच्या पुत्रानंतर उर-नन्शेचा वंश संपला. पुढे निनगिरसूच्या देवळाचा पुरोहित एनेन्तर्झी आणि त्याचा मुलगा लुगलंदा यांनी राज्य केले. इ. स. पूर्व २३५० च्या सुमारास सत्ता उरुकगिना याच्या हाती आली. छत्तीस हजार माणसांतून देवाने आपणास निवडले, असे तो सांगतो. त्याने आधीच्या कारभारातील गैरप्रकारांची जी यादी दिली आहे, ती वाचताना चार हजार वर्षांचे अंतर जाणवत नाही. नावाड्यांचा मुख्य नावा बळकावी, पशुपालांचा अधिकारी गाढवे आणि मेंढ्या नेई. पांढऱ्या मेंढीची लोकर कातरली की चांदी भरावी लागे. देवाच्या बैलांनी राजाच्या कांद्याची वाफ नांगरली जाई, आणि देवाच्या उत्तम जमिनीत राजाचे कांदे व काकड्या पिकत. प्रेत पुरावयाचे तर सात घडे बिअर आणि ४२० भाकऱ्या द्याव्या लागत. उरुकगिनाने हे देणे तीन घडे आणि ८० भाकऱ्या इतके खाली आणले. गरिबाचे घर शेजारच्या सरदाराला हवे असेल, तर गरिबाने आपली किंमत सांगावी आणि सौदा पटला नाही म्हणून त्याला मार बसू नये, असा नियम केला. कर्जापायी अडकलेल्यांना सोडले. विधवा आणि पोरके मूल यांना बलवंताच्या हवाली करणार नाही, असा त्याने निनगिरसूशी करार केला.

सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी १९५६ साली हे लेख सामान्य वाचकांपुढे आणले, तेव्हा करकपातीचे पहिले उदाहरण म्हणून त्यांचे कौतुक झाले. ते कौतुक सर्वस्वी अस्थानी नव्हते. पण द्वाही वाचून झाल्यावर वहीही उघडावी लागते, आणि लगशच्या बाबतीत वही उपलब्ध आहे. गिरसूतील राजपत्नीच्या संस्थेच्या सतराशेहून अधिक हिशेबी पाट्या मिळाल्या आहेत. लुगलंदाची राणी बरनमतरा ही तिची प्रमुख होती. तिचे व्यापारी दिलमूनला जाऊन तांबे आणीत. उरुकगिनाने या संस्थेचे ‘राणीचे घर’ हे नाव बदलून ‘बाउ देवीचे घर’ असे केले, आणि जमीन देवांना परत केल्याचे जाहीर केले. पाट्यांवरून दिसते ते असे की, त्या घराचा कारभार पुढेही राणीच पाहत होती. फक्त ती आता उरुकगिनाची पत्नी शाशा होती, आणि घरावर पोसल्या जाणाऱ्या माणसांची संख्या कमी न होता वाढली. मालकाचे नाव बदलले, किल्ल्या त्याच वाड्यात राहिल्या.

ही वहीसुद्धा जपून वाचावी लागते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आना श्नायडर यांनी १९२० साली आणि आंटोन डाइमेल यांनी १९३१ साली याच पाट्यांवरून असा सिद्धान्त काढला की, लगशची सर्व जमीन देवळांची होती आणि सारी प्रजा देवळाच्या शिध्यावर जगत होती. पुढे इगोर द्याकोनोव्ह आणि इग्नेस गेल्ब यांनी हा निष्कर्ष खोडून काढला. एका संस्थेच्या वहीवरून साऱ्या राज्याचे चित्र काढले, तर त्या संस्थेबाहेरची माणसे दिसणारच नाहीत. खुद्द लगश नगरीच्या टेकाडात अमेरिकन आणि इटालियन संशोधकांना बाके, भट्टी आणि पाणी गार ठेवण्याची सोय असलेली एक जुनी खानावळ सापडल्याचे २०२३ साली जाहीर झाले. वाडग्यांत माशांचे अवशेष होते. शिध्याच्या याद्यांत ज्यांची नावे नाहीत, अशी माणसेही लगशमध्ये जेवत होती.

उरुकगिनाच्या सुधारणांना आणखीही मर्यादा होत्या. पुरुषाला अमुक शब्द बोलणाऱ्या स्त्रीचे तोंड भाजलेल्या विटेने ठेचावे, असेही त्याच्या लेखांत आहे. विधवेचे रक्षण करणारा आणि स्त्रीचे तोंड ठेचणारा राजा एकच होता. त्याला ढोंगी ठरवून निकाल लावणे सोपे आहे. परंतु प्रेतामागे ३४० भाकऱ्या वाचलेल्या घराला त्या वाचल्याच होत्या. आपण एवढेच म्हणावे की, सत्ताधाऱ्याने केलेली कबुली ही त्याच्या आधीच्या सत्ताधाऱ्याची कबुली असते; स्वतःची कबुली त्याच्या जमाखर्चातून काढावी लागते.

उरुकगिनाचे राज्य दहा वर्षेही टिकले नाही. उम्माचा राजा लुगलझगेसी याने लगशवर स्वारी केली. एका पाटीवर त्याने जाळलेल्या, लुटलेल्या देवस्थानांची यादी आहे. शेवटी लेखक सांगतो की यात उरुकगिनाचा दोष नाही. हे पाप लुगलझगेसीच्या देवीने आपल्या मानेवर घ्यावे. पाटीवरचे दुःख खरे आहे, यात शंका नाही. परंतु त्या यादीत एक नोंद नाही. न फिटणारे जव उम्माच्या नावावर मांडून ठेवणाऱ्या पूर्वजांचा तीत उल्लेख नाही. दीडशे वर्षे चढत गेलेले देणे अखेर उम्माने आपल्या पद्धतीने चुकते केले. पुढे अक्कदच्या सारगोनने लुगलझगेसीलाही मानेला खोडा घालून निप्पूरच्या दारात उभे केले, आणि सीमेचा कालवा दोघांचाही राहिला नाही. सुमेरच्या प्रसिद्ध राजावलीत तर लगशचे नावच नाही.

एन्मेतेनाची एक मस्तकहीन मूर्ती उर येथे सापडली होती. बगदादच्या संग्रहालयातून २००३ सालच्या लुटीत ती नाहीशी झाली आणि २००६ साली परत मिळाली. तिच्याकडे पाहणाऱ्याने दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचावेत. घरात जे देणे माणसाला आईपासून तोडते म्हणून राजाने पुसून टाकले, तेच देणे शेजाऱ्याच्या नावावर त्याने चढत ठेवले. हिशेबाचे सूत्र दोन्हीकडे एकच होते. भेद एवढाच की, एका बाजूची माणसे त्याला आपली वाटत होती. राष्ट्राराष्ट्रांतील कर्जांचा विचार आजही करताना हा भेद प्रथम तपासावा. ऋणको ते फेडू शकतो काय, हा प्रश्न जेथे विचारलाच जात नाही, तेथे वहीत मांडलेली रक्कम कर्जाची नसते.